बटईच्या कोंबडीचा पाय

स्वतःची कोंबडी लंगडी झाली असती तर मी हे लिहायला बसले नसते. तिचा रस्सा झाला असता, आणि रश्श्यावर कोणी लिहीत नाही. पण ही कोंबडी माझी नव्हती. बटईची होती, आणि तीही माझ्या विहिणीची.

आमच्याकडे शेत जसं बटईनं देतात तशी कोंबडीही देतात. ज्या बाईकडे कोंबड्या जास्त आणि जागा कमी, ती आपली तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोंबडी, दुसरीच्या अंगणात ठेवते. दुसरीनं ती पाळायची, वेळ आली की अंड्यांवर बसवायची, आणि पिलं मोठी झाली की निमी तिची, निमी मालकिणीची. कोंबडी मात्र शेवटपर्यंत मालकिणीची. याचा कागद कोणी करत नाही, पण नियम पक्के असतात. मालकिणीनं कोंबडीच्या पायाला बांधलेली खूण काढायची नाही. काढली तर कोंबडी बदलली असं धरतात. कोंबडी मेली तर मालकिणीला दाखवल्याशिवाय पुरायची नाही. पुरली तर ती खाल्ली असं धरतात. बटईची कोंबडी मांजरीनं नेली असं सांगणारी एक बाई आमच्या गल्लीत आहे. तिला म्हातारपण आलं, तरी तिच्या घरातून फोडणीचा वास आला की शेजारणी अजून एकमेकींना कोपरानं ढोसतात.

माझी लेक अंजनगाव सुर्जीकडे दिली आहे आणि मी राहते नांदगाव खंडेश्वरच्या जवळ. मधे अमरावतीला गाडी बदलावी लागते. एवढ्या लांब कोणी बटईनं कोंबडी देत नाही, पण माझ्या विहिणीनं दिली. तिच्या कोंबड्या चार गावांत पसरलेल्या आहेत, जिथे नातं तिथे कोंबडी. एसटीत म्हाताऱ्यांचं तिकीट माफ झाल्यापासून तिचं फिरणं वाढलं. तिचं खरं वय तिला स्वतःलाही माहीत नाही, पण कार्डावर जे आहे ते कंडक्टरला पुरतं. एका खेपेला ती माझ्याकडे आली तेव्हा तिच्या पिशवीतून एक तांबूस तलंग मान बाहेर काढून सगळ्या गाडीकडे पाहत आली होती. विहिणीनं माझ्या ओट्यावर बसून तिच्या उजव्या पायाला निळा धागा बांधला. बियाण्याच्या पोत्याचं तोंड शिवलेलं असतं ना, तो धागा. कुजत नाही, तुटत नाही, दातानं ओढला तर दातच हातात येतो. शेतकऱ्याच्या घरात तो कोणी फेकत नाही.

“ही माही खूण,” ती म्हणाली. “ध्यान ठेवजा, ईनबाई.”

मी ध्यान ठेवलं. रोज संध्याकाळी कोंबड्या डाल्याखाली झाकताना धाग्याचं निळं टोक दिसतं की नाही ते पाहायची. टोक दिसलं की माझं काम झालं.

आता मी काही कोणाच्या बोलण्याला भिणारी बाई नाही. विहीण मला तोंडावर काही बोलली असती तर मी तिला तिथल्या तिथे परत दिलं असतं. पण ती मला बोलत नाही. ती माझ्या लेकीला बोलते. भाकरी थापताना, भांडी लावताना, पाहुण्यांसमोर, “तुह्या मायनं असं केलं, तुह्या मायनं तसं केलं.” एकदा मी पाठवलेल्या तुरीच्या डाळीत खडा निघाला होता. तो खडा माझ्या लेकीनं दोन वर्षं ऐकला. म्हणून त्या कोंबडीला मी माझ्या नातवंडांहून जास्त जपत होते, हे खरं आहे, आणि त्यात प्रेमाचा काही भाग नव्हता.

कोंबडी निघाली गुणाची. अंडी भरपूर दिली, मग खुडूक झाली, अंड्यांवर बसवली, पिलं काढली. पिलं तिच्यापासून सुटी झाली आणि ती परत अंड्यावर आली. अशात एका थंडीच्या सकाळी डालं उचललं तर बाकीच्या कोंबड्या बाहेर पळाल्या आणि ही तिथेच. मी पायानं जरा ढकललं. तिनं पंख फडफडवले, पुढे सरकली आणि एका कुशीवर कलंडली. उजव्या पायाची बोटं आत वळून मूठ झालेली. डावा पाय होता सरळ, पण त्याच्यातही जोर नव्हता. उचलून उभी केली तर ओल्या कपड्यासारखी खाली आली.

सुनेनं चुलीपासूनच पाहिलं आणि म्हणाली, “आत्याबाई, हिले कॅल्शिअम कमी पडलं. मले दोन्ही बाळंतपणात असंच झालं होतं.” मी म्हटलं, तू कधी कुशीवर कलंडली होतीस? ती म्हणाली, कलंडली होती, तुमी पाहिलं नाही. त्या बाळंतपणांची उजळणी मला सकाळी सकाळी नको होती, म्हणून मी परत कोंबडीकडे वळले.

माझा लेक दात घासत बाहेर आला. त्यानं एका नजरेत लकवा ठरवला आणि दुसऱ्या वाक्यात मसाला काय काय आणायचा ते विचारलं. मी त्याला म्हटलं, ही तुझ्या बहिणीच्या सासूची आहे. त्यानं चूळ टाकली आणि मसाल्याचं नाव घेतलं नाही.

शेजारीण कुंपणावरून डोकावली. तिच्या मते नजर. लिंबू उतरव म्हणाली. आमच्या घरातून लिंबू-मिरची माझ्या सासऱ्यांच्या वेळीच बाहेर गेली. सासरे म्हणायचे, लिंबू वरणावर पिळा. मी तिला तेच सांगितलं. ती रागावली नाही. तिला त्या निमित्तानं कोंबडी जवळून पाहायची होती. मग ती म्हणाली, तिच्या भाच्याचं कोंबड्यांचं शेड आहे, तिथे असा रोग आला होता. एक पाय पुढे, एक पाय मागे, फाकून पडायच्या. लहानपणी लस दिली नसली की होतो, औषध नाही, आणि एकीवरून दुसरीवर जातो. एवढं सांगून ती आपल्या कोंबड्या आमच्या अंगणातून हाकत घेऊन गेली. नजर म्हणता म्हणता बाई रोगावर आली, आणि लिंबू राहिलं बाजूला.

ही मेली तर मेली, पण बाकीच्याही गेल्या तर? मी आधी हिला वेगळी केली. एका खोक्यात सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, अंथरलं, तिला आत ठेवलं आणि खोकं न्हाणीजवळ उन्हाच्या तिरपीत सरकवलं. पाण्याची वाटी तिच्या चोचीजवळ, कारण लंगडी कोंबडी दुखण्यानं मरायच्या आधी तहानेनं मरते. वाटी हातभर लांब असली तरी तिच्यासाठी ती दुसऱ्या गावात. ज्वारी शिजवून दिली. खाल्ली. खाते आहे म्हणजे जगायचं मनात आहे, एवढं मला समजलं.

सुनेनं मोबाइलवर शोधलं. ती वाचत गेली आणि मी ऐकत गेले. मार लागला असेल, अंडं आत अडकलं असेल, हाडात चुना कमी असेल, जीवनसत्त्व कमी असेल, सडकं खाल्लं असेल, फवारलेलं खाल्लं असेल, तो शेडवाला रोग असेल, किंवा उंचावरून उडी मारली असेल. एवढं सगळं सांगून शेवटी मोबाइल म्हणाला, डॉक्टरला दाखवा. मी म्हटलं, हे त्यानं पहिल्यांदाच सांगितलं असतं तर आतापर्यंत ऑटो मिळाला असता.

कोंबडीला घेऊन दवाखान्यात जाणारी म्हातारी म्हणजे गावाला करमणूक. पिशवीतून मुंडकं बाहेर, आणि ऑटोत समोर बसलेला प्रत्येक जण विचारणार. एकानं विचारलं, विकायला का? मी म्हटलं, दवाखान्यात. तो हसला आणि म्हणाला, माह्या बुढीले मी नेत नाही दवाखान्यात. मी म्हटलं, मग तुझ्या बुढीला पिशवीत घाल, मी नेते. त्यानंतर तो रस्ता संपेपर्यंत बाहेरच पाहत बसला.

तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात माझ्या पुढे एक म्हैस होती आणि म्हशीचा मालक. त्याची म्हैस गाभण राहत नव्हती, पण त्याला माझ्या कोंबडीत जास्त गोडी वाटली. आपला नंबर झाल्यावरही तो गेला नाही, दारात उभा राहून पाहत राहिला.

डॉक्टर मधल्या वयाचा, बोलायला सावकाश. त्यानं कोंबडी टेबलावर घेतली आणि घाई केली नाही. आधी पोट चाचपून पाहिलं, अंडं अडकलेलं नाही म्हणाला. छातीचं हाड दाबून पाहिलं. डोळ्यांत बॅटरी मारली. त्या शेडवाल्या रोगात कधी कधी डोळ्याचा रंग फिरतो, हिचे डोळे चांगले आहेत, आणि हिचं वयही त्या रोगाच्या मानानं जास्त आहे, पण पक्कं नाही सांगता येत, म्हणाला. कुठे पडली होती का, शेतात फवारणी चालू आहे का, सरकीबिरकी खायला घालता का, सगळं विचारलं. मग मांडीपासून खाली हात फिरवत आला आणि उजव्या नळीवर थांबला. तिथे चिखल वाळून गोळा झाला होता. त्यानं ओल्या कापसानं तो पुसायला सुरुवात केली. पुसता पुसता खाली फुगलेली कातडी दिसली, आणि त्या फुगलेल्या कातडीच्या मधे एक चीर. चिरेत निळं काहीतरी.

धागा. तलंगेच्या बारीक पायाला बांधलेला. पाय वाढला, धागा वाढला नाही. खवल्यांच्या खाली जाऊन बसला होता, आणि बाहेर राहिलं होतं फक्त ते टोक, जे मी रोज संध्याकाळी पाहून खूश होत होते.

“कैची द्या,” डॉक्टर आपल्या माणसाला म्हणाला.

मी कोंबडीच्या पायावर हात ठेवला. “थांबा साहेब. तो कापता येणार नाही.”

“काहून?”

“तो माह्या विहिणीचा आहे.”

डॉक्टरनं माझ्याकडे पाहिलं, मग धाग्याकडे, मग परत माझ्याकडे. मी त्याला सगळं सांगितलं. बटई, खूण, अंजनगाव, लेक, तुरीच्या डाळीतला खडा. खड्याचं सांगायची गरज नव्हती, पण सांगण्याच्या भरात तोही गेला. डॉक्टरला हसू आलं असावं, पण त्यानं ते मिशीत ठेवलं. म्हशीचा मालक मात्र गंभीर झाला. बटईतलं त्याला सगळं समजत होतं. तो म्हणाला, “बुढी बरोबर बोलून रायली, साहेब. खूण काढली त कोंबडी कोणाची?”

डॉक्टर म्हणाला, “अन् पाय गेला त कोंबडी कायची?”

दोघांचंही बरोबर होतं. शेवटी ठरलं की विहिणीला फोन लावायचा. माझ्याकडे साधा फोन आहे. म्हशीच्या मालकाकडे मोठा होता, तो म्हणाला त्यावरून तोंड दिसतं, म्हणजे तिच्यासमोर कापल्यासारखं होईल. माझ्या लेकीचा नंबर लावला. लेक शेतात होती. तिनं तिच्या पोराचा नंबर दिला, पोरानं फोन आजीच्या हातात दिला, आणि पडद्यावर विहिणीचा कान आला.

तिला किती वेळा सांगितलं तरी ती फोन कानालाच लावते. आम्ही सगळे तिच्या कानातल्या बुगडीकडे पाहून बोलत होतो.

“जय भीम, ईनबाई,” मी म्हटलं. “फोन समोर धरा. तुमाले कोंबडीचा पाय दाखवाचा आहे.”

“काय झालं माह्या कोंबडीले?”

मी सांगितलं. डॉक्टरनंही सांगितलं. कान हलला नाही. मग आवाज आला, “कापू नका. मी उद्या येतो. मी आल्याशिवाय हात लावाचा नाही.” आणि पडदा काळा झाला. पोराचा गेम खेळायचा राहिला होता म्हणे, हे मला नंतर कळलं.

डॉक्टर म्हणाला, “आजी, आज कापलं त पंजा वाचेल असं मले वाटते. उद्याचं मी बोलत नाही.”

मी तिथल्या बाकावर बसले. विचार काही मोठा नव्हता. धागा राहिला तर पाय जाईल, मग कोंबडी जाईल, मग माझ्या लेकीला आयुष्यभर ऐकावं लागेल की तुझ्या मायनं कोंबडी मारली. धागा कापला तर ऐकावं लागेल की तुझ्या मायनं कोंबडी बदलली. ऐकायचं दोन्हीकडे होतंच. फरक एवढाच, की एकीकडे कोंबडी जिवंत होती. जिवंत कोंबडीवर भांडता येतं. मेलेल्या कोंबडीवर काय भांडणार, ती बाजू मांडायला उभीही राहत नाही. तशी ही आताही उभी राहत नव्हती, पण आशा होती.

“कापा,” मी म्हटलं. “पण धागा मले द्या.”

“मी साक्षीले आहो,” म्हशीचा मालक म्हणाला आणि टेबलाच्या जवळ आला. दारात बांधलेली म्हैसही आत डोकं घालून होती.

कैची आत जाईना. डॉक्टरनं चिमट्यानं धागा जरासा उचलला, खाली बारीक टोक सरकवलं आणि तोडला. कोंबडीनं एवढ्या वेळात पहिल्यांदा आवाज केला. डॉक्टरनं जखम धुतली, मलम लावलं. मग मला बसवून सांगितलं, की सगळं या धाग्यानंच झालं असं समजू नका. दुसरा पायही ढिला आहे. हिनं अंडी बरीच दिली, पिलं काढली, अंगातला चुना कमी झालेला असू शकतो. कॅल्शिअमचं औषध पाण्यातून, जीवनसत्त्वाचे थेंब चोचीत, जखमेवर मलम. बाकीच्यांपासून वेगळी ठेवा, त्या टोचतील. एका कुशीवर पडून राहू देऊ नका, फिरवत जा. कुटार रोज बदला, मागची बाजू कोमट पाण्यानं पुसा, नाहीतर सडेल. औषध चालू आहे तोवर अंडं खायचं नाही. आणि घरातली दुसरी एखादी अशी बसली तर थांबू नका, घेऊन या. मी विचारलं, चालेल का? तो म्हणाला, पाहू. असा डॉक्टर मला आवडतो. जो लगेच हो म्हणतो त्याचं औषध मी अर्धंच घेते.

घरी येऊन सुनेनं जुन्या कापडी पिशवीला दोन भोकं पाडली. भोकांतून कोंबडीचे पाय खाली काढले आणि पिशवीचे बंद उलट्या ठेवलेल्या स्टुलाच्या पायांना बांधले. पाय जमिनीला जेमतेम टेकत होते आणि अंगाचा भार पिशवीवर. थोडा वेळ तशी, मग परत कुटारात. कोंबडी त्या झोळीत अशी बसली जशी काही निवडून आली आहे. माझ्या लेकानं तिच्यासमोर उभं राहून दोन्ही हात जोडले. मी त्याला कामाला लावलं, अंड्यांची टरफलं कुटायला.

दुसऱ्या दिवशी दुपारी विहीण आली. घाईत आली होती, पण पिशवीतून माझ्यासाठी संत्री काढायला विसरली नाही. भांडायचं असलं तरी रिकाम्या हातानं यायची तिची पद्धत नाही. पाणी पिऊन झालं आणि ती सरळ न्हाणीकडे गेली. कोंबडी झोळीत होती. विहिणीनं तिच्याभोवती एक फेरी मारली.

“ही माही कोंबडी नाही,” ती म्हणाली.

“नाही कशी?”

“माही एवढी नव्हती. माही बारीक होती.”

“तलंग होती तवा. आता पिलं काढली तिनं.”

“अन् माह्या कोंबडीच्या पायाले निळा धागा होता.”

“तो कापला. फोनवर सांगतलं तुमाले.”

“मी त कापू नका म्हटलं होतं. अन् मी कुठी पाह्यलं कापताना? मले त काईच दिसलं नाही.”

“कानानं पाहाल त कसं दिसन, ईनबाई?”

सून पदर तोंडाशी धरून आत पळाली. विहीण हसली नाही. ती ओट्यावर बसली आणि म्हणाली, असं चालत नाही. आज माझा कापला, उद्या कोणीही उठेल आणि खूण कापेल. मग बटई कायची राहील. लोक विचारतील तर मी काय सांगू. लोक म्हणजे कोण ते मला माहीत होतं. लोक म्हणजे माझी लेक, भाकरी थापताना.

मी घरात गेले आणि कागदाची पुडी आणली. पुडी तिच्यासमोर उघडली. आत तो धागा होता, तोडलेला, पण गोल वळण तसंच राहिलेलं. एवढासा. लहान पोरीच्या करंगळीतही गेला नसता. कोंबडीचा न सुजलेला डावा पाय झोळीतून खाली लोंबत होता, त्याच्याशेजारी तो धागा धरला. पाय दुप्पट जाड.

विहिणीनं पुडी हातात घेतली. धागा उलटासुलटा करून पाहिला. मी तिची अडचण ओळखून होते आणि मला तिची जरा मौजच वाटत होती. धागा माझा नाही म्हणाली तर कोंबडी तिची उरत नव्हती. धागा माझा म्हणाली तर गाठही तिचीच. कोंबडी हवी तर दोष घ्यावा लागणार, दोष नको तर कोंबडी सोडावी लागणार. मी चहा ठेवायला सांगितलं. अशा वेळी चहा उशिरा आलेला चांगला, पण सून उत्साहात होती, तिनं लगेच आणला. विहीण चहा प्यायली. बशी खाली ठेवली. परत धाग्याकडे पाहिलं, परत कोंबडीकडे पाहिलं. तिच्या मांड्या, तिचं पोट, तिची तुकतुकीत पिसं.

“धागा माहाच आहे,” ती म्हणाली. “अन् गाठ मी बरोबरच मारली होती. पण तुमी हिले एवढं खाऊ घातलं, एवढं खाऊ घातलं, की धाग्यात पायच मावला नाही. धाग्यानं तरी काय करावं?”

साठ-सत्तर वर्षांत मी पुष्कळ माणसं सटकताना पाहिली आहेत, पण अशी दारातून, पाहुण्यासारखी, ताठ मानेनं सटकलेली कोणी पाहिली नव्हती. मला हसू आलं. मग तिलाही आलं. कोंबडी आमच्याकडे आळीपाळीनं पाहत होती, एकदा एका डोळ्यानं, एकदा दुसऱ्या.

विहीण त्या दिवशी परत जाणार होती, ती गेली नाही. कोंबडी चालल्याशिवाय मी जात नाही म्हणाली. मला वाटलं हे बोलायचं असेल, पण ती खरंच राहिली. सकाळी उठून कुटार बदलायची, कोमट पाण्यानं कोंबडी पुसायची, पंजाची वळलेली बोटं एकेक करून सरळ करायची. गुडघ्याला चोळायचं तिचं एक तेल आहे, ते तिनं काढलं. जखमेवर तेल लावायचं नाही असं मी सांगितलं, तर तिनं ते स्वतःच्या गुडघ्यांना चोळलं आणि तेच हात कोंबडीच्या मांडीवर फिरवले. आमच्या घराला त्या दिवसांत दवाखान्यासारखा वास यायचा. माझ्या स्वयंपाकात तिला मीठ कमी लागायचं, माझ्या अंगणात तिला केर दिसायचा, आणि माझा लेक तिच्या मते वाळला होता. कोंबडी आधी चालायला लागावी की विहीण आधी चालती व्हावी, यातलं मी काय जास्त मागत होते ते आता सांगत नाही.

एका सकाळी झोळीतून काढून खाली ठेवली तर ती पडली नाही. डोलली, पंख टेकवून तोल घेतला आणि उभी राहिली. बोटं अजून पूर्ण सरळ नव्हती. तिनं एक पाऊल टाकलं, मग विचार करून दुसरं, आणि संत्र्याच्या सालीपर्यंत जाऊन तिला चोच मारली. विहीण म्हणाली, पाहा, माझ्या तेलानं. सून म्हणाली, कॅल्शिअमनं. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, तिनं घरी बसून गुपचूप लिंबू उतरवलं होतं. मी म्हटलं, धागा निघाला म्हणून. डॉक्टरला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, पक्कं नाही सांगता येत.

लंगडी ती राहिलीच. आजही चालताना उजवा पाय जरा फेकते, आणि पिलं तिच्या मागे असली की तीही उगाच तशीच चालतात असं मला वाटतं. पण अंडी देते.

विहीण त्याच दुपारच्या गाडीनं गेली. निघताना सुनेकडून एक जुनी कैची मागून घेतली. कशाला ते सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. घरी पोचायला तिला संध्याकाळ व्हायला हवी होती, ती पोचली दुसऱ्या दिवशी. माझ्या लेकीचा फोन आला तेव्हा कळलं, की बाई वाटेत जिथे जिथे तिच्या कोंबड्या आहेत तिथे तिथे उतरली. प्रत्येक घरी कोंबडी पकडायला लावली, प्रत्येकीच्या पायाचा धागा कापला आणि त्याच जागी कापडाची सैल पट्टी बांधली. कोणी कारण विचारलं तर म्हणाली, निळा रंग उडून जातो.

मी लेकीला विचारलं, आणि माझं काय बोलली? मला तेवढंच ऐकायचं होतं. तुझ्या मायनं खूण कापली, हे ऐकायची तयारी करूनच मी फोन कानाशी धरला होता.

लेक म्हणाली, “माय, तू त्या कोंबडीले काय खाऊ घालत होती वं? सासू आल्यापासून सगळ्या गल्लीत सांगून रायली, की ईनबाईच्या घरी कोंबडी अशी पोसते, अशी पोसते, की पायात धागा मावत नाही.”

“मंग? चांगलं बोलून रायली ना?”

“चांगलं? आता भाकरी थापता थापता मले रोज म्हणते, तुह्या मायच्या घरी कोंबडीले एवढं अंग धरलं, अन् तुले वीस वर्षं ठेवलं त तू अशी वाळकी कशी निघाली?”

मी तिला म्हटलं, सासूला सांग, तू आमच्या घरची निमीच आहेस, बटईची; उरलेली निमी पोसायची तिच्याकडे होती. आणि फोन ठेवला. दूध उतू चाललं होतं.